धाकटीचा पत्ता

चष्मेवाल्यांना कोणी विचारलं की मुलं किती, तर ते सांगायचे, दोन मुली. मोठी परगावी असते, धाकटी माझ्याजवळ. नवीन गिऱ्हाईक मग धाकटीच्या शिक्षणाची, लग्नाची चौकशी करायचं, आणि चष्मेवाले भिंग पुसता पुसता गंभीरपणे सांगायचे की तिला पाण्याबाहेर काढता येत नाही. धाकटी म्हणजे मासा होता. तळहाताएवढा जाडजूड सोनेरी मासा, वरच्या मजल्यावर खिडकीपाशी काचेच्या टाकीत राहणारा आणि माशांच्या मानाने पुष्कळच म्हातारा. मोठी शिकायला घराबाहेर पडली तेव्हा तिने तो पिशवीतल्या पाण्यासकट आईच्या हातात ठेवला होता आणि "माझ्या जागी ही" असं म्हणून गाडीत बसली होती. पुढे आई गेली, मोठी नोकरीच्या गावीच संसाराला लागली, आणि घरात उरले चष्मेवाले आणि धाकटी. दोघांचं बरं चाललं होतं. दोघंही कमी बोलत, वेळेवर जेवत आणि दिवसभर काचेतून जगाकडे बघत.

घोडं पेंड खात होतं ते गुडघ्यापाशी. दुकान खाली, घर वर आणि मध्ये उभा दगडी जिना. चष्मेवाल्यांचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. जिना एका दमात चढणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. मध्येच एका पायरीवर ते बसायचे, आणि कोणाची चाहूल लागलीच तर खिसे चाचपायला लागायचे, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की म्हातारा किल्ली विसरलाय. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की सांधा बदला, आणखी टाळाटाळ केलीत तर दुसरा गुडघाही हात वर करेल. ज्या माणसाने "त्यात घाबरायचं काय" असं म्हणत अर्ध्या वस्तीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पिटाळलं होतं, त्याच माणसाला स्वतःची पाळी आल्यावर धाकटी आठवली. तिच्याकडे कोण बघणार? शेजारच्या शिंपीणकाकू हौसेने बघतील, पण त्या पावाचे तुकडे टाकून टाकून प्रेमाने मारतील तिला.

हे खरं होतं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तेही शिंपीणकाकूंनीच त्यांच्या डोक्यात सोडलं होतं. काकू एकदा चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या की आमच्या दिरांचं असंच झालं, ऑपरेशनला म्हणून मुलाकडे गेले ते परत आलेच नाहीत. चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला बघून त्यांनी घाईघाईने खुलासा केला की नाही हो, तब्येत ठणठणीत आहे, पण इकडचं घर विकलं ना मुलाने. मग परत येणार कुठे?

ऑपरेशन मोठीच्या गावी व्हायचं होतं. नंतरचे काही आठवडे जिना बंद, म्हणजे मुक्काम मोठीकडे. चष्मेवाले रोज संध्याकाळी टाकीसमोर बसून मनात म्हणायचे, काही आठवडे म्हणजे किती?

आणि हे मोठीला विचारायची सोय नव्हती. भांडण वगैरे काही नव्हतं. पण या बापलेकींचं बोलणं सगळं आईच्या मार्फत चालायचं. आई गेली आणि मधलं माणूसच गेलं. आता रोज फोन व्हायचा. औषध घेतलं? घेतलं. जेवलात? जेवलो. धाकटी? बरी आहे. मग दोघंही फोन ठेवायचे. जीव दोघांचा एकमेकांवर होता, आणि तो बाहेर काढायचा कसा हे दोघांनाही कोणी शिकवलेलं नव्हतं.

तेव्हा चष्मेवाल्यांनी अट घातली. मला तिकडे पडल्या पडल्या धाकटी दिसली पाहिजे, मला वाटेल तेव्हा, माझी मी. तू पाठवलेले फोटो नकोत, फोटो कधीचाही असू शकतो. आणि आवाजही हवा, कारण पंपाचे बुडबुडे थांबले तर डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. त्यांना वाटलं होतं की एवढं काही जमायचं नाही आणि विषय लांबेल. पण मोठी एका कंपनीत नेटवर्कचंच काम करायची. शेकडो कॉम्प्युटर एकमेकांशी नीट बोलतायत ना, यावर डोळ्यांत तेल घालून बसायची. तिच्यापुढे ही अट म्हणजे डाव्या हातचा मळ. पुढच्या सुट्टीला ती वायरींनी भरलेली बॅग घेऊन दारात हजर झाली.

कॅमेरा बसला, खाणं टाकणारं यंत्र बसलं, आणि टाकीशेजारी साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी बसली. ही डबी म्हणजे छोटा कॉम्प्युटर, कारभार सगळा हिच्याकडे, असं मोठीने सांगितलं. मग ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "आता डबीला आधी हे घर कुठे आहे ते कळायला हवं."

"कुठे आहे म्हणजे?" चष्मेवाले म्हणाले. "इथे आहे."

मोठी हसली नाही. ती कामात असली की हसायची नाही, अगदी आईसारखी. तिने समजावून सांगितलं की घरातल्या प्रत्येक यंत्राला घरातल्या घरात एक नंबर असतो, पण तो बाहेर चालत नाही. घरात मी तुम्हाला बाबा म्हणते. रस्त्यावर उभं राहून कोणी "बाबा" अशी हाक मारली तर किती जण वळून बघतील? तसंच ते, सगळ्यांच्या घरात तेच ते नंबर. बाहेर या घराला एक वेगळा नंबर आहे, तो इंटरनेटवाली कंपनी देते, आणि वीज जाऊन आली की कित्येकदा बदलूनही टाकते. बाहेरून इथे यायचं तर तोच नंबर ठाऊक हवा. आणि गंमत अशी, की तो डबीला आतून दिसत नाही.

"मग तिला कळणार कसा?"

"बाहेरच्याला विचारून."

जगात असे कॉम्प्युटर आहेत, ती म्हणाली, की त्यांना एखादं नाव सांगितलं की ते त्या नावाचा नंबर सांगतात. डीएनएस म्हणतात त्याला. बाकी त्यांना दुसरा धंदा नाही. पण त्यातल्या काहींना एक ठरावीक नाव विचारलं, तर ते दुसरं तिसरं काही न सांगता, प्रश्न ज्या नंबरावरून आला तोच नंबर उत्तर म्हणून परत पाठवतात. एवढासा प्रश्न, एवढंसं उत्तर. डबी थोड्या थोड्या वेळाने हे विचारत राहील, आणि नंबर बदलला असेल तर आपण घेतलेल्या नावापुढे नवा नंबर लावून टाकेल. तुम्हाला मी एक टॅब आणलाय, त्याच्यावर तुम्ही फक्त ते नाव दाबायचं. नाव तिने "धाकटी" असंच ठेवलं होतं.

चष्मेवाल्यांना यातलं जेवढं कळायला हवं तेवढं कळलं, आणि ते खूषही झाले, कारण असा माणूस त्यांच्या दुकानात रोज येत होता. ज्याला लांबचं दिसत नाही तो नवी फ्रेम घालून आरशासमोर उभा राहतो. फ्रेमला नंबराची काच अजून बसलेली नसते, त्यामुळे आरशात नुसतं धुकं. मग तो वळून विचारतो, कशी दिसते? स्वतःचं तोंड, पण विचारावं लागतं चष्मेवाल्याला. आणि चष्मेवाल्यांनी आयुष्यभर खरं तेच सांगितलं होतं, त्यापायी चार महागड्या फ्रेमा कमी खपल्या असतील. त्यांनी मोठीला तो प्रश्न आपल्यासमोर टाइप करायला लावला. पडद्यावर एका ओळीत नंबर उमटला.

"हे आपण?"

"बाहेरून बघणाऱ्याला, हो."

"आणि त्याने खोटं सांगितलं तर?"

"तो कशाला खोटं बोलेल? ज्या दारातून प्रश्न आला ते दार तो सांगतो. तेवढंच त्याला दिसतं."

मग तिने सांगितलं की काळजी करू नका, आमच्याकडे लहान खोलीत मी आधी अस्संच सगळं जोडून बघितलंय, तोच कॅमेरा, तशीच डबी, पासवर्डही तोच ठेवलाय म्हणजे तुम्हाला एकच लक्षात ठेवायला बरा. चष्मेवाल्यांना कौतुक वाटलं. आमची मोठी काम करते ते असं, दोनदा तपासून. हे त्यांनी मनात म्हटलं. तोंडाने म्हणाले, "वायर जरा भिंतीलगत घे, पायात येते."

इथवर सगळं गोड होतं. दुसऱ्या दिवशी ते दुकान बंद करून जिन्याशी आले आणि थबकले. मोठी जिन्यात उकिडवी बसून टेपने पायऱ्या मोजत होती. उंची, रुंदी, भिंतीपासूनचं अंतर. मोजून मोबाईलमध्ये टिपून ठेवत होती.

"काय गं?"

"काही नाही. सहज," ती म्हणाली, आणि टेप सर्रकन आत गेला.

सहज कोणी जिना मोजत नसतं. चष्मेवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली आणि तिथेच ठाण मांडून बसली. घर विकायचं तर लोक आधी मोजमापं घेतात, हे त्यांना माहीत होतं. मोठी वाईट नव्हती, ती जे करेल ते त्यांच्या भल्याचंच समजून करेल, आणि भीती नेमकी त्याचीच होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. रात्री ते अर्ध्या जेवणावरूनच उठले. मोठीला वाटलं, गुडघा दुखतोय.

ठरल्या दिवशी ते तिच्याबरोबर निघाले खरे. दुकानाच्या दारावर पाटी लावली, धाकटीच्या काचेवर बोट टेकवलं, शिंपीणकाकूंना किल्ली दिली आणि पावाचा तुकडाही टाकायचा नाही अशी तंबी दिली. जिना उतरताना मधल्या पायरीवर बसले. मोठी बॅगा घेऊन आधीच खाली गेली होती, ती दुकानात काहीतरी विसरलं म्हणून पुन्हा आत गेली, त्यामुळे निदान खिसे चाचपावे लागले नाहीत.

हॉस्पिटलमध्ये नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी पेशंटचा पत्ता विचारला. चष्मेवाले तोंड उघडणार तेवढ्यात मोठीने आपल्या घरचा पत्ता सांगून टाकला, पिन कोडसकट, मान वर न करता. बाईंनी तो टाइप केला. झालं. इतकी वर्षं दुकानाच्या पाटीवर असलेला पत्ता एका दमात पुसला गेला, आणि कोणाला काही वाटलं नाही.

दुपारभर मोठी खोलीत होती. ती पाण्याची बाटली कुठे, घंटीचं बटण कुठे, चष्म्याचं घर कुठे हे दाखवत होती, आणि चष्मेवाले हं म्हणत होते. निघताना ती म्हणाली की कॅमेऱ्याचं दार सरळ इंटरनेटवर उघडं आहे ते मला बरं वाटत नाही, घरी गेले की मध्ये एक बोगदा टाकते. म्हणजे डबीचं सगळं बोलणं आधी बंदिस्त वाटेने आमच्या घरी येईल आणि तिथून बाहेर जाईल. तुम्हाला काही करायचं नाही, नाव तेच. चष्मेवाले यालाही हं म्हणाले. तिने त्यांच्या पांघरुणाचं टोक उगाच सारखं केलं, थोडी घुटमळली आणि गेली.

ती गेल्यावर चष्मेवाल्यांचा निश्चय झाला. सकाळी डॉक्टर आले की सांगायचं, आत्ता नको. घरी जातो. गुडघा जाऊ दे, जिन्यावर बसत बसत चढू, इतके दिवस चढलोच की. एकदा मोठीकडे गेलो की ती मायेने ठेवून घेणार, इकडे कुलूप लागणार, आणि मग मोजलेला जिना कामाला येणार. त्यांनी वाक्यही जुळवून ठेवलं, "डॉक्टर, माझी मनाची तयारी नाही." मनाची तयारी म्हटलं की डॉक्टर लोक फार ताणत नाहीत, हा त्यांचा गिऱ्हाइकांकडून मिळालेला अनुभव होता. कपडे काढून नीट घडी करून उशाशी ठेवले होते, ते हाताला लागतायत ना हेही त्यांनी बघून घेतलं.

मग खिडकीतलं ऊन उतरायला लागलं, तसं त्यांनी धाकटीला ही बातमी द्यावी म्हणून टॅब उघडला. कानात आवाज ऐकायची बोंडं घातली, नाव दाबलं, पासवर्ड घातला.

पाणी नव्हतं. मासाही नव्हता.

टाकी फुटली, हे पहिलं मनात आलं. मग दिसलं की खिडकीच नाही, आपली भिंतही नाही. एक पलंग होता, पांढरी भिंत होती, एका बाजूला बाथरूमचं दार होतं, आणि कानात बुडबुड्यांऐवजी ड्रिल मशीनची घरघर होती. घरघर थांबली. पडद्यात डावीकडून एक ताठ पाय आला. गुडघ्याला टॉवेल गुंडाळलेला आणि टॉवेलात लाकडी पट्टी, म्हणजे पाय वाकू नये. पायामागून वॉकर आला, आणि वॉकरला धरून त्यांचा स्वतःचा तपकिरी स्वेटर आला. थंडी सरल्यापासून ते तो शोधत होते. स्वेटरात मोठी होती. नाकाच्या शेंड्यावर चष्मा होता आणि ती चष्म्याच्या वरून बघत होती.

जावई ड्रिल घेऊन भिंतीशी उभे होते. त्यांनी विचारलं, "काय बाबा, मदत करू?"

"बाजूला हो," मोठी जाड आवाजात म्हणाली. "मला काही झालेलं नाही." आणि ती खोकली. दोन लहान, एक मोठा.

चष्मेवाल्यांनी टॅब जवळ घेतला. असं चोरून बघणं बरं नाही हे त्यांना कळत होतं. बंद करायला बोट पुढेही गेलं होतं. पण मोठी आता पलंगापासून बाथरूमकडे निघाली होती, एक पाय ताठ, दुसरा फरफटत, आणि मध्येच ती थांबली, पलंगाच्या कडेवर टेकली आणि खिसे चाचपायला लागली. आधी उजवा, मग डावा, मग छातीवरचा.

"काय झालं?" जावयांनी विचारलं.

"काही नाही. किल्ली विसरलो."

जावई खो खो हसले. मोठी नाही हसली. तिने चष्मा काढला आणि आपल्या आवाजात म्हणाली, "हसू नको रे. जिन्यात असंच करतात ते. दम लागला की बसतात, आणि कोणी आलं की खिसे चाचपतात. आज सकाळीसुद्धा. मी खालून बघितलं आणि पुन्हा दुकानात शिरले, त्यांना उठायला वेळ मिळावा म्हणून."

हॉस्पिटलच्या खोलीत चष्मेवाल्यांनी टॅबचा आवाज वाढवला. म्हणजे ते सोंग कोणाला कळत नाही, ही त्यांची इतक्या दिवसांची समजूत खोटी होती तर.

मोठी उठली, भिंतीशी गेली आणि डावा हात उंच करून तिने एका जागी बोट टेकवलं. "दांडा इथे. पलंगापासून दारापर्यंत सलग."

"वॉकर आहे की. शिवाय तू आहेस, मी आहे."

"ते हात मागणार नाहीत. पडतील पण हात मागणार नाहीत. ते भिंत धरतील," मोठी म्हणाली. "म्हणून दांडा भिंतीलाच हवा."

ड्रिल पुन्हा सुरू झालं. ते थांबल्यावर जावयांनी कोपऱ्यातून काहीतरी पायाने पुढे ढकललं. चष्मेवाल्यांनी पडद्याला नाक लावलं. फळ्यांची पायरी होती. एकावर एक अशा तीन पायऱ्यांचा लाकडी ठोकळा, कडेला कठडा. ही एवढी उंच कशाला केलीस, जावई विचारत होते, व्यायामवाल्या मॅडम तर म्हणाल्या छोटी चालेल.

"त्यांच्या जिन्याच्या मापाची आहे. मोजून आणलंय मी. इथे ही चढता आली की तिथला जिना चढता येईल."

"म्हणजे परत पाठवायचं नक्की?"

मोठी पलंगावर बसली, पट्टी बांधलेला पाय समोर ताठ. थोडा वेळ ती स्वेटरच्या बाहीशी खेळत राहिली. "माझं विचारशील तर मला ते कायमचे इथे हवेत," ती म्हणाली. "आई गेली तेव्हापासून हवेत. पण मी तसं म्हटलं तर ते राहतील. माझ्यासाठी राहतील, आणि मग रोज खिडकीत बसून आपल्या जिन्याची आठवण काढतील. त्यापेक्षा चढू देत. मी जात जाईन."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला. दोष काचेचा नव्हता हे त्यांच्यासारख्या जुन्या माणसाला पहिल्यांदाच कळायला हवं होतं. त्यांनी टॅब बंद करून छातीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मोठी आपल्याला कशी बघते, हे त्यांनी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच डोक्यात आलं नव्हतं. आणि आता न विचारता ते समोर आलं होतं, खोकल्यासकट. त्यांना लाज वाटली, हसूही आलं, आणि तिला आत्ताच्या आत्ता फोन करावासा वाटला. पण फोनवर ते दोघं काय बोलणार होते? औषध घेतलं? घेतलं.

गोळी द्यायला सिस्टर आल्या. दुपारपासून त्यांना माशाची सगळी हकीगत तोंडपाठ झाली होती. दिसली का धाकटी, त्यांनी विचारलं. चष्मेवाले म्हणाले, नाही दिसली. अरेरे, मग आता झोप कशी लागणार तुम्हाला? लागेल, चष्मेवाले म्हणाले, आणि उशाशी ठेवलेली कपड्यांची घडी त्यांनी सिस्टरांना कपाटात ठेवायला सांगितली.

सकाळी मोठी आली ती केस विस्कटलेले, खांद्यावर लॅपटॉपची बॅग अर्धी उघडी, अशा अवतारात. तिने आल्या आल्या माफी मागितली. धाकटी दिसत नाहीये ना? मला आत्ता तासाभरापूर्वी कळलं. डबी उत्तम चालू आहे, कॅमेरा चालू आहे, शिंपीणकाकूंनी फोनवर सांगितलं मासा मजेत आहे. घोळ मी घातला. काल मी बोगदा टाकला, आणि डबीचं सगळं बोलणं आमच्या घरून बाहेर जायला लागलं. त्यात तो प्रश्नही गेला, माझा नंबर काय म्हणून. तो बाहेर पडला आमच्या दारातून, मग समोरच्याने आमचाच नंबर सांगितला, आणि डबीने तो धाकटीच्या नावापुढे लावून टाकला. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात येऊ नये.

"म्हणजे विचारणाऱ्याने बरोबर विचारलं आणि सांगणाऱ्यानेही खरंच सांगितलं," चष्मेवाले म्हणाले.

"हो. तो एक प्रश्न तेवढा बोगद्यातून जायला नको, सरळ त्याच्या त्याच्या दारातून जायला हवा. थांबा, करते."

ती पलंगाच्या कडेवर बसून भराभर टाइप करत राहिली. चष्मेवाले तिच्याकडे बघत होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं, नखाशी भिंतीचा चुना होता. थोड्या वेळाने तिने टॅब त्यांच्या हातात दिला. पाणी होतं. बुडबुडे ऐकू येत होते. धाकटी काचेशी तोंड लावून, नेहमीच्या नापसंतीने, कॅमेऱ्याकडे बघत होती. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे काल रात्रभर ते अगदीच निर्धास्त नव्हते.

मोठीही हसली, आणि हसता हसता थांबली. तिच्या कपाळावर आठी आली. "पण मग काल संध्याकाळी तुम्ही टॅब उघडला असेल तर... नाव आमच्या घराकडे गेलं असणार, आणि आमच्याकडे लहान खोलीत तोच कॅमेरा..."

"दांडा चार बोटं खाली घ्यायला सांग," चष्मेवाले म्हणाले. "माझा डावा खांदा तेवढा वर जात नाही."

मोठीने लॅपटॉप अर्धवट मिटवून तसाच धरला. लहानपणी चोरी पकडली गेली की तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, तशा आत्ता झाल्या.

"कधीपासून बघत होतात?"

"खोकल्यापासून."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "एवढा खोकतो मी?"

"याहून जास्त," ती हातांआडून म्हणाली.

डॉक्टर डोकावून गेले. मनाची तयारी आहे ना, त्यांनी हसत विचारलं, आणि चष्मेवाले म्हणाले, आहे. मग चाकांची खाट आली. दोन वॉर्डबॉयनी मिळून त्यांना खाटेवर घेतलं, चष्मा काढून मोठीच्या हातात दिला, आणि जग सगळं धूसर झालं. खाट दारापर्यंत गेली तेव्हा त्यांनी थांबायला सांगितलं.

"मोठे, ऐक. आपल्या जिन्याची सगळ्यात वरची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. गवंड्याने घोळ केलाय तिथे."

"माहितीये, बाबा. मोजलीये," ती म्हणाली. "ती वेगळी केलीये."

खाट पुन्हा हलली. एका बाजूला भिंत सरकत होती, तिला धरायला दांडाही होता. दुसऱ्या बाजूला मोठी चालत असणार, चष्म्याशिवाय नीट दिसत नव्हती. चष्मेवाल्यांनी पांघरुणातून हात काढला आणि तिच्या बाजूला पुढे केला.